मशीन सोडेना

आमच्या वहिनी मशीन चालवतात. वहिनी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाची बायको. चालवतात असं आपलं म्हणायचं, कारण तिथे काही फिरत नाही, धूर निघत नाही, आवाजही फारसा होत नाही. औषधांच्या एका मोठ्या गोदामात, मागच्या बाजूच्या थंडगार खोलीत, फ्रिजएवढं एक काळं कपाट उभं आहे आणि त्याच्यासमोर हिरव्या अक्षरांचा पडदा. टेबलावर मावतो तो कॉम्प्युटर हा नव्हे आणि अख्खा मजला अडवून बसतो तोही नव्हे. हा मधला. या मधल्यासमोर बसून वहिनींचे केस पांढरे झाले. नात्यातल्या कुणी 'तुम्ही तिथे नक्की काय करता' असं विचारलं, की त्या 'कामं सुरू करून देते' एवढंच सांगतात. विचारणाऱ्याला वाटतं, बाई ताकास तूर लागू देत नाही. पण त्या खरंच तेवढंच करतात.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, बस चालवायचे. इथे मात्र चालवायचे म्हणजे चालवायचेच. सकाळी गोदामाची गाडी वहिनींना न्यायला यायची, पण दुपारी त्या दादांच्या शेवटच्या फेरीने परत यायच्या. गोदाम त्या फेरीच्या अर्ध्या वाटेवर होतं. घंटीच्या दोरीचा एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हा नियम दादांनी कधी मोडला नाही. अपवाद एका स्टॉपचा. गोदामाच्या स्टॉपवर कंडक्टर दोरी तुटेपर्यंत ओढत बसला तरी वहिनी चढल्याशिवाय गाडी हलायची नाही. मी स्वतः त्या गाडीत बसून कुरकुरलो आहे. वहिनी धापा टाकत पुढच्या दाराने चढायच्या. दादा आरशावरची नजर न काढता म्हणायचे, "उशीर झाला आज." वहिनी म्हणायच्या, "मशीन सोडेना." झालं. पुढे डेपोपर्यंत आणि तिथून घरापर्यंत एकमेकांशी अवाक्षर नाही. माझ्या पाहण्यातला सुखाचा संसार कुठला म्हणाल, तर हाच.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच दादांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, हातपाय वाचले. गेलं ते मधलंच काहीतरी. चमचा हातात दिला तर तो ओळखीचा वाटायचा, पण कशासाठी दिलाय ते कळायचं नाही. 'उठा, तोंड धुवा आणि चहा घ्या' असं कुणी म्हटलं, की ते तिन्ही गोष्टींचा मान राखून जागच्या जागी बसून राहायचे.

बायकोने ठरवलं, दादाला आपल्याकडे आणायचं. आपल्याकडे म्हणजे तिच्या माहेरी, कारण मी घरजावई आहे. हे मी आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ती सांगेल. दादा त्याच घरात लहानाचे मोठे झाले. तिथल्या भिंती तरी त्याला ओळख देतील, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने एक खोली मोकळी करायला लावली. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्या खोलीत माझ्या काचांची आणि फ्रेमची खोकी होती. ती मी गॅलरीत रचली आणि आम्ही दादांना आणायला वहिनींकडे गेलो.

दार वहिनींनी उघडलं. दादा खिडकीपाशी बसले होते. बायकोला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "चिमणे." लहानपणी तिला हीच हाक होती. लग्नानंतर तिच्याकडे बघून मला ती कधी सुचली नाही. ती दारातच रडायला लागली. मग वहिनींनी विचारलं, "अहो, आणि मी कोण?" दादांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एखाद्या प्रवाशाने 'ही गाडी पुलावरून जाते का' असं विचारल्यावर ते जसे बघायचे, तसे, अदबीने. 

आजारानंतर त्यांनी वहिनींना एकदाही हाक मारली नव्हती. नावाने नाही, 'अगं' नाही, काहीच नाही.

चहा झाल्यावर बायकोने विषय काढलाच. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि जे राहत नाही ते ती दुसऱ्याच्या पदरात घालते.

"वहिनी, राग मानू नकोस. तो तुला ओळखत नाही गं. त्याला ओळखीच्या माणसांत राहू दे."

वहिनी कप विसळत होत्या. "आणि ओळखलं तर?"

"ओळखलं तर मी एक शब्द बोलणार नाही. आल्या पावली परत जाईन."

"रविवारपर्यंत थांबा वन्सं," वहिनी म्हणाल्या. कप एकच होता. तो त्या बराच वेळ विसळत राहिल्या.

आम्ही तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी घराची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये राहिली म्हणून मला गोदामात जावं लागलं. तिथे मी केवळ सौजन्य म्हणून विचारलं, की काम सुरू होतं म्हणजे नक्की काय होतं. चूक माझीच. मला कुणी नंबर कसा काढता असं विचारलं तर मीही त्याला सोडत नाही.

"काम आलं आणि लागलं चालायला, असं नसतं भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आधी त्याच्याबरोबरची चिठ्ठी बघायची. कुणाचं काम, कुठल्या रांगेत उभं राहणार, कुठली कपाटं उघडणार आणि कुठल्या क्रमाने. मग रांगेतून ते खात्याच्या दाराशी येतं. दाराशी एक तक्ता असतो. चिठ्ठीवरची खूण तक्त्यातल्या ओळींशी ताडून बघायची. जी ओळ पहिली जुळेल, त्या ओळीत लिहिलेलं असतं, याला आत कुणाच्या हाती द्यायचं."

"आणि एकही जुळली नाही तर?"

"शेवटी एक ओळ ठेवलेली असते, बाकी कुणीही असो, त्याच्यासाठी. तीही नसेल तर काम दारातूनच परत."

"आणि हुकूम कधी?"

"हुकूम सगळ्यात शेवटी. आधी घर, मग हुकूम. आत एक कारकून बसलाय असं समजा. त्याच्यापुढे हुकूम एकापाठोपाठ एक पडलेले असतात. तो एक उचलतो, धड लिहिलाय का बघतो, मग तो पुरा करायला लागणारं सामान कपाटांत धुंडाळतो. वरच्या कपाटात सापडलं तर खालचं उघडायचं नाही. ते पुरं झालं की मगच पुढचा हुकूम. उरले नाहीत की काम संपलं."

"म्हणजे आमच्या घरच्यापेक्षा अगदी उलट," मी म्हणालो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

तेवढ्यात मुकादम दारात आला. "बाई, लेबलं यायची थांबली. अडकलं वाटतं."

"अडकलं नाही, विचारतंय," वहिनी म्हणाल्या. "प्रिंटरला लेबलांचा कागद लावलाय का, असं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून वाट बघत बसलंय." मुकादमाने जाऊन कागद लावला, वहिनींनी एक अक्षर दाबलं आणि प्रिंटर खडखडायला लागला. मी विचारलं, काम असं अडून बसलं तर सरळ बंद का करत नाही? त्या म्हणाल्या, करता येतं, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे तडकाफडकी मान पकडून उठवायचं. दुसरी म्हणजे आता आटप असं सांगायचं आणि थांबायचं. पहिली त्या सहसा वापरत नाहीत, कारण अर्धवट राहिलेलं नंतर त्यांनाच निस्तरावं लागतं.

किल्ली घेऊन मी निघालो, तेव्हा मला हे सगळं फुकट कळलेलं ज्ञान वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की वहिनींनी तेच घरी लावलंय. दादांच्या पलंगाशी उभ्या राहून त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं घर. ही तुमची खोली. आज शुक्रवार. मी तुमची बायको." मग थांबल्या. मग म्हणाल्या, "पाय खाली सोडा." पुन्हा थांबल्या. बऱ्याच वेळाने पाय खाली आले. तेव्हा, "चपला घाला." घरातली बाकीची माणसं आंघोळी आटोपून बसली तेव्हा दादा न्हाणीघरापर्यंत पोचले होते. पण पोचले होते, हे मी कबूल करतो.

बायको दाराआडून बघत होती. "माझा भाऊ आहे तो, लिफ्ट नाही," ती मला म्हणाली. 'मी तुमची बायको' या ओळीशी दादा दरवेळी तसेच अदबीने बघत, हे तिने बरोबर हेरलं होतं. वहिनींनीही हेरलं असणारच. गोदामाच्या गाडीची वाट बघताना त्या मला म्हणाल्या, "कपाटांचा क्रम बिघडलाय भाऊजी. लहानपणीचं कपाट वर आलंय, म्हणून वन्सं लगेच सापडल्या. मी कितव्यात आहे देव जाणे. आहे की नाही, तेसुद्धा." लेबलांविषयी बोलत होत्या त्याच सुरात बोलल्या, फक्त शेवटचा शब्द फुटला. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी हवेविषयी बोलतो. तसा बोललो.

शनिवारी वहिनी लवकर गेल्या आणि सकाळ बायकोच्या ताब्यात आली. "ते पाढे आज बंद," तिने जाहीर केलं. लग्नाआधी ती दादांना कामावर जाण्यासाठी जशी उठवायची, तशीच उठवणार होती. तिने कपाटातून दादांचा खाकी कोट काढला, खुंटीवरचा जुना किल्ल्यांचा जुडगा खळखळ वाजवला आणि म्हणाली, "दादा, ऊठ. गाडी लागलीये."

दादा उठले. नुसते उठले नाहीत, न्हाणीघरात जाऊन दाढी करून आले. कोटाची सगळी बटणं लावली, वरून खालपर्यंत, एकही न चुकता. वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. मी थक्क होऊन बघत राहिलो. बायकोने माझ्याकडे अशी नजर टाकली, की वहिनींच्या सगळ्या पाढ्यांचा निकाल लागला. मग ती चहा टाकायला आत गेली आणि मी तिच्या विजयाचं वर्णन ऐकायला तिच्यामागे गेलो. चहा घेऊन आम्ही बाहेर आलो, तेव्हा दार उघडं होतं आणि दादा नव्हते.

डेपो घरापासून चालत जाण्यासारखा आहे. आम्ही पळत गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं. "आले ना, नेहमीसारखे. मला हातपण केला," तो म्हणाला. गाड्या धुतात त्याच्या मागे, मोडीत निघालेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांत दादांची गाडी होती. इंजिन काढून नेलेलं, टायर बसलेले. दादा त्यांच्या जागेवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

नेमकी तीच गाडी ओढून न्यायला क्रेनवाला आलेला. डेपो मॅनेजर खालून सांगत होता, "काका, उतरा बघू, मग आपण बसून बोलू." बायको दुसऱ्या बाजूने, "दादा, खाली ये, माझा हात धर, चहा निवतोय." क्रेनवाला व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "दोन माणसं द्या, अलगद उचलून घेतो." दादांच्या कानावर यातलं काहीच पडत नव्हतं. बायकोने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "दादा, मी चिमणी," ती म्हणाली. त्या गाडीत चिमणीही नव्हती.

मी वहिनींना फोन केला होता. त्या गळ्यातलं ओळखपत्रही न काढता आल्या. आल्या आणि दादांकडे बघत उभ्या राहिल्या, पडद्याकडे बघतात तशा.

"अडकलेत," मी म्हणालो.

"नाही. वाट बघताहेत."

"कशाची?" क्रेनवाल्याने विचारलं. ते वहिनींना सांगता येईना. त्या नेहमी अर्ध्या वाटेवर चढलेल्या. गाडी डेपोतून निघते कशी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"घंटीची," मी म्हणालो. यंत्रांच्या जगाला माझ्याकडून झालेली ही एकमेव मदत.

वहिनींनी मान हलवली. "त्यांना उचलू नका. फेरी सुरू झालीये. ती पुरी होऊ दे." मॅनेजरने क्रेनवाल्याकडे पाहिलं. क्रेनवाला म्हणाला, "मला काय, थांबायचंच आहे तर बसून थांबतो," आणि तोही आमच्यामागून मागच्या दाराने गाडीत चढला. वहिनींनी दोरी दोनदा ओढली. घंटी अजून वाजत होती.

दादांनी आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी निघाली. म्हणजे निघाली नाही. पण दादांचे हात, खांदे, मान, सगळं निघालं. फाटकाबाहेरचं वळण त्यांनी घेतलं तेव्हा मी नकळत दांडा धरला. सकाळची वेळ होती आणि फेरी दुपारची होती. त्याला कुणी हरकत घेतली नाही. दादा वेग कमी करायचे, वहिनी एकदा ओढायच्या. जरा थांबून दोनदा. बायको या रस्त्याने लहानपणापासून गेलेली. दादांचे हात कसे वळतात ते बघून ती डोळे पुसत पुसत सांगत होती, "ही शाळा. आता इस्पितळ. हा पूल, पुलावर तो असंच हळू घ्यायचा."

मग दादा थांबले आणि थांबलेच.

वहिनींनी दोनदा ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. दादा आरशात बघत राहिले.

"बंद पडली वाटतं," क्रेनवाला म्हणाला. 

"आता काय विचारताहेत?" वहिनी म्हणाल्या. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "सगळं नीट चाललं होतं. मला कळत नाहीये. वन्सं, मला खरंच कळत नाहीये."

बायको 'दादा, चल ना' असं म्हणणार होती, तिचं तोंडही उघडलं होतं. ते तसंच राहिलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, पुलानंतरचं. मग हळूच म्हणाली, "वहिनी, तू खाली उतर."

"मी? मी कशाला?"

"तुझा स्टॉप आहे हा. तू अजून चढली नाहीयेस."

वहिनींच्या हातून दोरी सुटली. त्या मागच्या दाराने उतरल्या. गाडीच्या कडेने, ग्रीस आणि धुळीतून, पुढे चालत आल्या. खिडक्यांतून आम्हाला त्यांचे पांढरे केस तेवढे सरकताना दिसत होते. पुढच्या दाराशी थांबून त्यांनी ते केस हाताने सारखे केले. मग दांडा धरून वर चढल्या.

दादा आरशावरची नजर न काढता म्हणाले, "उशीर झाला आज."

 वहिनी दांडा धरून उभ्या राहिल्या आणि दादा तसेच थांबून राहिले. उत्तर त्यांनाच द्यायचं होतं, आमच्यापैकी कुणाचं चाललं नसतं.

"मशीन," वहिनी म्हणाल्या आणि अडल्या. मग म्हणाल्या, "मशीन सोडेना."

दादांनी मान डोलावली. बायकोने एका हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने दोरी दोनदा ओढली. मला रडू आलं. हवेविषयी बोलायला जवळ कोणी नव्हतं, क्रेनवाला खिडकीतून बाहेर बघत होता.

फेरी पुरी झाली. दादांनी हँडब्रेक ओढला, जुडगा खिशात टाकला आणि उतरले. मॅनेजरला हात केला, फाटकावर केला. घराच्या रस्त्याला ते पुढे आणि वहिनी त्यांच्या शेजारी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता चालले होते. आम्ही दोघं मागे.

  कोपरा वळल्यावर बायको म्हणाली, "अहो, ती खोकी कुठे ठेवलीत तुम्ही?"

"गॅलरीत."

"घरी गेल्याबरोबर परत त्या खोलीत नेऊन ठेवा," ती म्हणाली. दादांविषयी ती एक शब्द बोलली नाही.